कामाची जागा आणि स्त्री-पुरुषभेद

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपण मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा दिवसांत मंदिराच्या पायाभरणीचा इतिहास सांगावा, दिवंगत धर्मगुरूंचें स्मरण करावें, हें योग्यच होय. आणि तें कार्य माझ्याहून अधिकारी अशा मंडळींनीं उत्तम रीतीनें पार पाडलें आहे. मीं आज एक निराळा विषय घेतला आहे. नोकरीच्या ठिकाणीं स्त्री आणि पुरुष यांच्यांतील भेदास किती महत्त्व द्यावें, आणि तेथें स्त्रियांना वाव मिळावा म्हणून जीं धोरणें आंखलीं जातात तीं न्याय्य आहेत कीं नाहींत, हा तो विषय होय.

याचा महोत्सवाशीं काय संबंध, असें कोणी मनांत म्हणेल. त्यास माझें उत्तर असें कीं, ज्युबिलीची मूळ कल्पना जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, दासांस मुक्त करावें, आणि ज्याची वडिलार्जित जमीन दुसऱ्याच्या हातीं गेली असेल त्यास ती परत मिळावी, अशी तेथें आज्ञा आहे. तेव्हां ज्युबिली हा आरास करण्याचा दिवस आहे तसाच तो हिशेब पाहण्याचाही दिवस आहे. कोणाचें कांहीं आपल्याकडे राहून गेलें असेल, तर तें शोधून परत करण्याची ती वेळ आहे. आपल्या आयाबहिणींचें आणि लेकीसुनांचें कांहीं आपल्याकडे असें राहून गेलें आहे काय, एवढेंच मला आज आपल्यासमोर पाहावयाचें आहे.

हा वाद जुना आहे. परंतु अलीकडे त्यास मोठें तोंड फुटलें तें 2017 सालीं. अमेरिकेंतील गूगल या कंपनींत काम करणाऱ्या जेम्स डामोर नांवाच्या एका तरुण अभियंत्यानें कंपनीच्या अंतर्गत वाचनासाठीं दहा पानांचें एक टिपण लिहिलें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: संगणकाच्या क्षेत्रांत स्त्रिया कमी दिसतात, याचें सर्व खापर पक्षपातावर फोडतां येणार नाहीं; स्त्री-पुरुषांच्या आवडीनिवडींत आणि स्वभावांत सरासरीनें कांहीं भेद आहेत, व त्यांतील कांहीं जन्मजात आहेत; यास्तव दोघांची संख्या बरोबरीची करण्यासाठीं कंपनीनें जीं धोरणें चालविलीं आहेत, तीं स्वतःच अन्यायकारक ठरतात. हें टिपण बाहेर फुटलें, आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत कंपनीनें त्यास नोकरींतून दूर केलें. तेव्हां जगभर दोन तट पडले. एका तटाचें म्हणणें, भेदाचा नुसता उच्चारही स्त्रियांचा अपमान होय. दुसऱ्याचें म्हणणें, एका माणसानें खरें बोलून दाखविलें म्हणून त्याचा बळी गेला.

या दोन्ही तटांच्या गदारोळांत मूळ प्रश्न हरवला, असें मला वाटतें. भेद आहे असें म्हणणें हें पाप नव्हे. परमेश्वरानें मानव नर आणि नारी असा निर्माण केला, आणि दोघांसही आपल्या प्रतिरूपाचें केलें, अशी आपली श्रद्धा आहे. आई होणें ही गोष्ट पुरुषास साध्य नाहीं. तेव्हां भेद नाहींच असें म्हणणें हें सत्यास धरून होणार नाहीं. प्रश्न असा आहे कीं, त्या भेदावरून आपण समोरच्या एका माणसाविषयीं काय ठरवितों?

एक साधें उदाहरण घेऊं. पुरुष हे स्त्रियांपेक्षां सरासरीनें उंच असतात, हें कोणी नाकारणार नाहीं. आतां मंदिरांतील उंच कोनाड्यांतला दिवा खालीं काढावयाचा आहे. आपण काय करतों? समोर उभ्या असलेल्यांपैकीं ज्याचा हात पोंचतो त्यास तें काम सांगतों. ठेंगण्या पुरुषास पुढें करून उंच मुलीस मागें सारण्याचा वेडेपणा कोणी करीत नाहीं. सरासरी ही समूहाची असते. काम मात्र एकेका माणसाच्या हातून व्हावयाचें असतें. शिवाय उंचीच्या मानानें बुद्धीचे व स्वभावाचे भेद बहुधा पुष्कळच लहान असतात, आणि दोन्ही समूह एकमेकांत मिसळलेले असतात. ही गोष्ट डामोर यानेंही आपल्या टिपणांत आकृति काढून मान्य केली होती. दोघांच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या आहेत, म्हणून केवळ कोणत्या समूहांतला आहे एवढ्यावरून एका माणसाविषयीं कांहीं सांगतां येत नाहीं, असें त्याचेंच म्हणणें होतें. खेदाची गोष्ट एवढीच कीं, त्याचे पुष्कळ कैवारी तेवढें वाक्य विसरून गेले.

आणि निसर्गाच्या नांवावर किती खपवावें, यालाही मर्यादा आहे. 1946 सालीं अमेरिकेंत एनियाक नांवाचें विद्युत्-गणकयंत्र जगापुढें आलें, तेव्हां त्या यंत्राकडून गणितें करवून घेण्याची योजना आंखण्याचें काम सहा स्त्रियांनीं केलें होतें. 1984 च्या सुमारास त्या देशांत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत सुमारें 37 टक्के स्त्रिया होत्या. त्यानंतर हें प्रमाण उतरत गेलें आणि पुढील तीस वर्षांत सुमारें 18 टक्क्यांवर आलें. स्त्रीचा मेंदू तीस वर्षांत बदलला काय? आपल्या देशांत तर हा विषय शिकणाऱ्या मुलींचें प्रमाण अमेरिकेहून बरेंच अधिक आहे. एकच निसर्ग एका देशांत एक आणि दुसऱ्या देशांत दुसरें असें कसें करील? तेव्हां जेथें आंकडे असे वरखालीं होतात, तेथें निसर्गाबरोबर रूढीचा, संधीचा आणि वागणुकीचाही हात असला पाहिजे, हें उघड आहे.

परंतु इतक्या दूर अमेरिकेस जाण्याचें कारण काय? आपल्या वसईकडेच पाहूं. या सभेंत बसलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना आपआपल्या आया आठवत असतील. रात्रीं दोन-तीन वाजतां उठून, आदल्या संध्याकाळीं खुडलेली भाजी आणि फुलें बांधून, डोक्यावर जड पाटी घेऊन त्या अंधारांत स्टेशनाची वाट धरीत. पहाटेच्या गाडीनें दादर गांठावें, तेथें उभ्यानें माल विकावा, आणि उन्हें चढण्याच्या आंत घरीं परत येऊन चूल पेटवावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला. पावसाळ्यांत त्याच स्त्रिया दिवसभर कमरेंत वाकून गुडघाभर चिखलांत भाताची लावणी करीत. मी आपणांस विचारतों, त्या वेळीं आपल्या आजोबांपैकीं कोणी असें म्हटलें काय कीं, हें काम स्त्रीच्या नाजूक प्रकृतीस झेपणारें नाहीं? रात्रीं बाहेर पडणें स्त्रीस शोभत नाहीं, असें कोणी म्हटलें काय? नाहीं. पाटी उचलतांना कोणास स्त्रीप्रकृतीची आठवण झाली नाहीं. ती आठवण झाली ती पुढें, जेव्हां त्याच स्त्रियांच्या मुली शिकल्या, कचेरींत गेल्या, आणि एखादी मोठी खुर्ची रिकामी झाली तेव्हां. ओझें देतांना जो भेद आपणांस दिसत नाहीं आणि मान देतांना तेवढा दिसतो, तो भेद निसर्गानें केलेला नसून आपल्या सोयीनें केलेला आहे, असें समजावें.

या सोयीच्या भेदास आपल्या देशाच्या न्यायालयांनीं वेळोवेळीं प्रश्न विचारले आहेत. आपल्या मुंबईतलाच एक खटला सांगतों. मॅकिनन मॅकेंझी ही मुंबईतील जहाजव्यवसायाशीं संबंधित असलेली जुनी कंपनी. तेथें स्त्री लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षां कमी वेतन मिळे. ऑड्री डिकोस्टा या लघुलेखिकेनें 1976 च्या समान वेतनाच्या कायद्याचा आधार घेऊन दाद मागितली. कंपनीची उत्तरें ऐकण्यासारखीं आहेत. पहिलें, या बाई वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या गोपनीय कामासाठीं नेमलेल्या, म्हणून त्यांचा वर्गच निराळा. दुसरें, हे वेतनाचे दर कामगार-संघटनेशीं करार करून ठरले आहेत. तिसरें, कंपनीची सांपत्तिक स्थिति बरी नाहीं. 26 मार्च 1987 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें या तिन्ही सबबी नाकारल्या. काम वस्तुतः तेंच आहे कीं नाहीं हें पाहावें, नांव काय दिलें आहे हें पाहूं नये. आणि कायदा पाळणें हें मालकाच्या ऐपतीवर अवलंबून राहूं शकत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. 1976 च्या त्या कायद्यांतील तत्त्व पुढें 2019 च्या वेतन संहितेंत समाविष्ट झालें.

त्याच्याही आधीं, 1981 सालीं, एअर इंडियाच्या हवाई सेविकांचा खटला गाजला होता. पहिल्या गर्भारपणाबरोबर सेविकेची नोकरी संपावी, असा त्या कंपनीचा नियम होता. मातृत्व हें स्त्रीचें भूषण म्हणून व्यासपीठावरून गावयाचें, आणि कचेरींत तोच अपराध ठरवावयाचा, असा हा प्रकार! सर्वोच्च न्यायालयानें तो नियम रद्द केला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह करूं नये, हा नियम त्यानें त्या वेळीं कायम ठेवला. हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. न्याय एका दिवसांत पूर्ण होत नाहीं.

अलीकडचें उदाहरण सैन्याचें. स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणूक देण्याविरुद्ध शरीरप्रकृतीचे, मातृत्वाचे आणि कौटुंबिक जबाबदाऱ्यांचे मुद्दे सरकारतर्फे मांडण्यांत आले होते. 17 फेब्रुवारी 2020 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते अमान्य केले. परंतु मला त्याहून बोधप्रद वाटतो तो पुढील वर्षींचा, 25 मार्च 2021 चा निकाल. पहिल्या निकालानंतर सैन्यानें स्त्री अधिकाऱ्यांना पुरुषांचीच कसोटी लावली. वरवर पाहतां यापेक्षां समान तें काय? परंतु पुरुषांची शारीरिक पात्रता पंचवीस ते तीस वर्षांच्या वयांत तपासली जाई. आणि या स्त्रियांपैकीं पुष्कळांना ती संधीच इतक्या उशिरां मिळाली कीं, तीच कसोटी त्यांना चाळिशी-पन्नाशींत द्यावी लागली. शिवाय त्यांना कायम नेमणूक कधीं मिळणारच नाहीं, या समजुतीनें त्यांच्या वार्षिक कामाचे शेरे वर्षानुवर्षें निष्काळजीपणें लिहिले गेले होते, आणि आतां तेच शेरे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढें आले. न्यायालयानें सांगितलें कीं, हाही पक्षपातच आहे. तो उघड नाहीं, आडवळणाचा आहे, एवढेंच.

बंधुभगिनींनो, माझ्या विषयाचा गाभा येथें आहे. माप सर्वांना एक, एवढ्यानें न्याय होत नाहीं. तें माप कोणाच्या अंगावरून घेतलें हेंही पाहावें लागतें. शिंप्यानें एकाच माणसाच्या मापाचे शंभर सदरे शिवले, आणि ज्यांना ते होत नाहींत त्यांच्या अंगालाच दोष दिला, तर आपण त्यास काय म्हणूं? आपल्या कचेऱ्यांचें वेळापत्रक, बढतीचे नियम, रात्रीं उशिरां ठेवलेल्या बैठका, हीं सर्व अशा पुरुषाच्या मापानें शिवलीं गेलीं आहेत कीं, ज्याच्या घरीं त्याचें जेवण, मुलें आणि म्हातारे आईबाप सांभाळणारी कोणी स्त्री असते.

हें केवळ माझें मत नव्हे. अमेरिकेंतील अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें स्त्रियांच्या कामाचा आणि वेतनाचा दोन शतकांचा अभ्यास केल्याबद्दल. एकाच व्यवसायांतील, सारख्याच शिक्षणाच्या स्त्री-पुरुषांच्या वेतनांतही अंतर पडतें, आणि आतां तें मुख्यत्वें पहिलें मूल झाल्यावर वाढतें, असें त्यांनीं दाखवून दिलें. कारण कित्येक व्यवसाय अशा माणसास अवाच्या सवा मोबदला देतात कीं, जो हवा त्या क्षणीं, हवा तितका वेळ हजर राहूं शकतो. याच्या उलट त्यांनीं औषधविक्रीच्या व्यवसायाचें उदाहरण दिलें आहे. तेथें कामाची पद्धत अशी बदलली कीं, एका औषधतज्ज्ञाचें काम दुसऱ्यास बिनदिक्कत हातीं घेतां यावें. त्याबरोबर स्त्री-पुरुषांच्या वेतनांतील अंतर पुष्कळच कमी झालें. तेथें स्त्रियांचा स्वभाव बदलला नाहीं, पुरुषांचाही नाहीं. कामाची घडी तेवढी बदलली.

आतां या धोरणांविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. कारण ते सर्वच द्वेषमूलक असतात असें नाहीं. पहिला आक्षेप, गुणवत्तेचा. स्त्री म्हणून जागा दिली, तर लायक पुरुषावर अन्याय होईल, आणि लायक स्त्रीच्या यशावरही संशयाची सावली पडेल. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. वर्षांतून एकदां महिलादिनीं गुलाबाचें फूल द्यावें, छापील अहवालांत दोन स्त्रियांचीं छायाचित्रें घालावीं, आणि निर्णयाच्या वेळीं त्यांस विचारूंही नये, असल्या धोरणांनीं कोणाचेंच हित होत नाहीं. परंतु चांगलें धोरण कसें असतें, याचें उदाहरण आपल्या रोजच्या अनुभवांत आहे. 5 मे 1992 रोजीं पश्चिम रेल्वेनें चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीं उपनगरी गाडी सुरू केली, आणि पुढें ती विरारपर्यंत आली. त्या गाडींत बसली म्हणून कोणा बाईस कचेरींत कमी काम करावें लागलें नाहीं, कीं परीक्षेवांचून बढती मिळाली नाहीं. जी वाट पुरुषास आधींच मोकळी होती, ती तिलाही मोकळी झाली, इतकेंच. दारापर्यंतची वाट सर्वांस सारखी करावी, आणि दाराच्या आंत कामाची कसोटी सर्वांस एकच असावी, हें चांगल्या धोरणाचें लक्षण मी मानतों.

दुसरा आक्षेप, खर्चाचा. 1961 च्या कायद्यानें प्रसूतीसाठीं 12 आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. 2017 सालीं ती पहिल्या दोन मुलांच्या वेळीं 26 आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय सक्तीची झाली. हेतु अत्यंत स्तुत्य. परंतु या रजेच्या वेतनाचा भार ज्या ठिकाणीं एकट्या मालकावर पडतो, तेथें लहानसा मालक नवविवाहित मुलीस नेमतांनाच कचरतो, अशी भीति पुष्कळांनीं बोलून दाखविली आहे, आणि ती निराधार म्हणतां येत नाहीं. माझ्या मतें यावर उपाय रजा कमी करणें हा नव्हे. मूल हें साऱ्या समाजाचें धन आहे; तर त्याचा खर्चही समाजानें वांटून घ्यावा. आणि बापानेंही आपला वांटा उचलावा. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना मुलाच्या जन्माच्या वेळीं पंधरा दिवसांची रजा मिळते. ती जेव्हां सर्वत्र मिळेल, आणि पुरुष ती लाज न बाळगतां घेतील, तेव्हां मालकाच्या दृष्टीनें स्त्री ही एकटीच 'अडचणीची' उमेदवार राहणार नाहीं.

आपल्या ख्रिस्तसभेची या बाबतींत शिकवण काय आहे? येथेंही मी सत्य लपवूं इच्छित नाहीं. तेरावे लिओ यांनीं 1891 च्या सुप्रसिद्ध परिपत्रकांत कामगारांचा कैवार घेतला; परंतु स्त्री ही स्वभावतः गृहकृत्यांसाठीं आहे, असेंच त्यांनीं त्यांत मांडलें होतें. त्यानंतर ख्रिस्तसभेची दृष्टि विशाल होत गेली. 1963 सालीं तेविसावे जॉन यांनीं, स्त्रियांस आपल्या प्रतिष्ठेची होत असलेली जाणीव हें आपल्या युगाचें एक लक्षण मानलें. 1965 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें, लिंगभेदावरून होणारा पक्षपात परमेश्वराच्या योजनेविरुद्ध आहे, असें सांगितलें. 1981 सालीं दुसरे जॉन पॉल यांनीं श्रमाविषयींच्या परिपत्रकांत एक मोठी मार्मिक गोष्ट मांडली: स्त्रीला आपली प्रगति साधण्यासाठीं आपल्या स्त्रीत्वाची आणि कुटुंबाची किंमत मोजावी लागूं नये, अशा रीतीनें श्रमाचीच रचना केली पाहिजे. स्त्रीनें कामाच्या सांच्यांत बसावें असें ते म्हणत नाहींत. सांचा बदला, असें म्हणतात. पुढें 1995 सालीं स्त्रियांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं समान कामास समान वेतन आणि बढतींत न्याय यांची मागणी केली, आणि ख्रिस्तसभेच्या पुत्रांकडून झालेल्या अपराधांबद्दल खेदही व्यक्त केला. 2025 सालीं व्हॅटिकन नगरराज्याच्या प्रशासनाचें अध्यक्षपद प्रथमच एका धर्मभगिनीकडे, सिस्टर राफाएला पेत्रिनी यांच्याकडे, आलें. त्याच वर्षीं निवडून आलेल्या पोपमहोदयांनीं लिओ हें नांव घेतलें, तें 1891 च्या त्या परिपत्रकाचें आणि श्रमाच्या प्रतिष्ठेचें स्मरण ठेवून. ख्रिस्तसभेस एकशें चौतीस वर्षांत शिकतां आलें. मग आपण पन्नास वर्षांत कांहीं शिकूं नये काय?

दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आतां स्वतःची सांगतों. ती सांगितल्यावांचून मला या ठिकाणीं उभें राहण्याचा अधिकार नाहीं.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मी मुंबईंत एका कचेरीच्या हिशेब-शाखेचा प्रमुख होतों. माझ्या हाताखालील एका जागेसाठीं मला दोघांपैकीं एकाची शिफारस करावयाची होती. एक पुरुष होता, एक बाई. दोघेही कामाचे, परंतु बाईंचें काम अधिक चोख होतें, हें मला पक्कें ठाऊक होतें. त्या रोज विरारच्या गाडीनें येत. घरीं दोन लहान मुलें. त्या जागेवर महिन्याअखेरीस रात्रीं उशिरांपर्यंत थांबावें लागे. मीं विचार केला, या माउलीस कशाला त्रासांत घालावें? आणि पुरुषाचें नांव लिहून पाठविलें. मनाला वाटलें, आपण दया केली.

निकाल कळल्यावर त्या माझ्या टेबलापाशीं आल्या. म्हणाल्या, "साहेब, माझी तक्रार नाहीं. एकच विचारतें. आपण मला विचारलें होतें काय?"

मी म्हणालों, "बाई, तुमच्या भल्यासाठींच मीं तसें केलें."

त्या शांतपणें म्हणाल्या, "सासूबाई मुलांकडे पाहण्यास कबूल झाल्या होत्या. घरची सर्व व्यवस्था मीं दोन महिन्यांपूर्वींच लावून ठेवली होती."

एवढें बोलून त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या आणि काम करूं लागल्या. त्या संध्याकाळीं गाडींत मला एकदम आठवलें कीं, ज्याची मीं शिफारस केली त्या गृहस्थासही दोन लहान मुलेंच होतीं. शिफारस लिहितांना तीं माझ्या ध्यानांतही आलीं नव्हतीं. त्या जागेचें वाढीव वेतन त्या बाईंस कधीं मिळालें नाहीं. आणि निवृत्तिवेतनही त्या मानानें कमीच ठरलें. माझ्या दयेची किंमत त्या अजून दरमहा भरीत आहेत. ही हकीकत मीं आज सांगितली ती त्यांची अनुज्ञा घेऊन. या वेळीं मीं विचारण्यास विसरलों नाहीं.

मीं कोणाचा द्वेष केला नव्हता. स्त्रिया बुद्धीनें कमी असतात, असें मला कधींही वाटलें नाहीं. तरी अन्याय घडला. कारण समोरच्या व्यक्तीकडे न पाहतां मीं 'लहान मुलांची आई' या सरासरीकडे पाहिलें. धोरणें हवींत तीं याचसाठीं. दुष्टांस आळा घालण्यासाठीं कायदा आहे. पण माझ्यासारख्या, स्वतःस सज्जन समजणाऱ्या माणसांच्या हातून होणारा अन्याय टाळावयाचा, तर नियमच असा पाहिजे कीं, जागा रिकामी झाली म्हणजे प्रत्येक पात्र व्यक्तीस विचारलें जाईल, कसोटी आधीं लिहिली जाईल, आणि निवडीचें कारण सांगावें लागेल.

म्हणून या महोत्सवाच्या वर्षीं माझी आपणांस नम्र विनंती आहे. ज्या ज्या संस्था आपल्या हातीं आहेत, मग ती शाळा असो, पतपेढी असो कीं दवाखाना असो, तेथें एकदां हिशेब मांडून पाहावा. एकाच कामास एकच वेतन आहे काय? मोठ्या जागेसाठीं स्त्रियांस विचारलें जातें काय? 1997 च्या विशाखा निकालांतून उगम पावलेल्या 2013 च्या कायद्यानें, दहा किंवा अधिक माणसें काम करतात तेथें स्त्रियांच्या छळाच्या तक्रारी ऐकण्यासाठीं समिति नेमणें आवश्यक केलें. ती आपल्याकडे कागदावर आहे कीं प्रत्यक्षांत आहे? आणि आपल्या घरांतही पाहावें. नोकरी करणारी सून संध्याकाळीं गाडींतून उतरून धांवत घरीं येते, तेव्हां चुलीपाशीं तिची वाट पाहणारें काम कोणाचें? जोंवर घरांतील ओझें वांटलें जात नाहीं, तोंवर कचेरींतील समानता लंगडीच राहणार.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायांत करिंथ शहरांतल्या एका कामाच्या जागेचें चित्र आहे. अक्विला, त्याची पत्नी प्रिस्किल्ला आणि संत पौल हीं तिघें तेथें तंबू बनविण्याच्या एकाच धंद्यांत होतीं. आणि पुढें अपोल्लो या विद्वान् वक्त्यास प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून देण्यांतही त्या पतिपत्नींचा सारखाच वांटा होता. त्याच संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत देहाचा दृष्टांत दिला आहे. अवयव निरनिराळे, परंतु डोळ्यानें हातास, तुझी मला गरज नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. भेद आणि ऐक्य यांचा मेळ यापेक्षां थोडक्यांत कोणीं सांगितला आहे?

ज्या हातांनीं पाट्या उचलून आपणांस शिकविलें, ज्यांच्या कमाईंतील पै-पैसा या मंदिराच्या भिंतींत गेला, त्या हातांचें देणें फेडण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो, एवढीच प्रार्थना.